पडद्याआधी टेप

दहा बाय बाराच्या आमच्या दादरच्या खोलीत हौसेने १०० इंची पडदा आणला, आणि प्रोजेक्टर मागच्या भिंतीत घुसायची वेळ आली! आधी थ्रो रेशो बघा, म्हणजे प्रोजेक्टर ते पडदा हे अंतर पडद्याच्या रुंदीच्या किती पट हवं ते. तो १.५ असेल तर पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं. पडद्याचे इंच तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात; त्यामुळे १६:९ चा (रुंदी १६ तर उंची ९ या प्रमाणातला) १०० इंची पडदा सव्वासात फूट रुंद, म्हणजे जवळपास ११ फूट. शिवाय मागे वायरी आणि गरम हवेला जागा हवीच. ८० इंचीला पावणेनऊ फुटांत भागतं. चित्र तिरकं पडलं तर कीस्टोनच्या, म्हणजे तिरकं चित्र प्रोजेक्टरमधूनच सरळ करायच्या सोयीच्या, नादी लागू नका, त्याने धार जाते. प्रोजेक्टरच सरकवून सरळ समोर आणा. माझा टीपॉयवर, दोन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांवर विराजमान आहे. पावसाळ्यात मात्र लेन्सला बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा.