पातं सोडून बाकी सगळं

चिलखत बनवायचंय असं मी गावातल्या खातीकाकांना, म्हणजे आमच्या लोहारकाकांना, पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ते वखराची पास पाजवत बसले होते. हातोडा थांबला नाही. "कोनाशी लढाई हाय बाप्पा?" एवढंच विचारलं आणि पास पुन्हा निखाऱ्यात सारली.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. कापूस, तूर आणि उरलेल्या वेळात ग्रामपंचायतीचा संगणक, हा माझा उद्योग. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पोरांच्या अंगावर भाड्यानं आणलेली प्लास्टिकची चिलखतं असायची. एका वर्षी फेब्रुवारीच्या उन्हातच त्यांचा चंदेरी रंग पोरांच्या माना-गळ्यांना लागला आणि मावळे घरी जाऊन रॉकेलनं पुसत बसले. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. त्याला आता चार वर्षं झाली. नव्यानं सुरुवात करणारे अधूनमधून फोन करतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: तलवार कशी बनवायची?

मलाही आधी तलवारच करायची होती. ते खूळ पहिल्याच आठवड्यात सोडा. त्याला दोन कारणं आहेत.

एक म्हणजे कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे नियम २०१६ चे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं, जे घरच्या, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी घडवलेलं नाही, ते हत्यारात मोडतं. असं हत्यार बनवणं-विकणं परवान्याच्या कक्षेत येतं. म्हणजे विळा, कोयता, कुऱ्हाड खुशाल घडवा. पण "शोभेची आहे हो साहेब" म्हणून तलवार घडवू नका. मिरवणुकांच्या दिवसांत शस्त्रबंदीचे आदेश निघतात ते वेगळेच. मी सुरुवातीलाच ठाण्यात जाऊन विचारून आलो. चिलखत, ढाल, म्यान, लाकडी पातं यावर कोणाची हरकत नव्हती. तुम्हीही जाऊन या, तासाभराचं काम आहे.

दुसरं कारण मला जास्त पटलेलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र शासनानं ती सुमारे ४७ लाखांना घेतली. ती फिरंग आहे. म्हणजे पातं युरोपातून आलेलं, आणि मूठ इथली, मुल्हेरी पद्धतीची, वर सोन्याचं काम. 'सेनासाहेब सुभा' ही पदवी मिरवणाऱ्या रघूजींनाही पातं बाहेरून आणण्यात कमीपणा वाटला नाही. त्या तलवारीचं मराठेपण मुठीत आहे. मूठ, म्यान, पट्टे, ढाल, कड्या यांचा पसारा एवढा मोठा आहे की पातं न घडवताही जन्म पुरणार नाही. मी पात्याच्या जागी सागाची फळी तासून बसवतो. लांबून कोणाला कळत नाही, आणि जवळून कळलं तर बरंच आहे.

सुरुवात कडीपासून करा. भट्टी लागत नाही, वीज लागत नाही, आणि घरचे लवकर वैतागत नाहीत. आपण जिरेटोप म्हणतो त्यातलं 'जिरे' हे फारसी 'जिरह' आहे, म्हणजे कड्यांचं चिलखत.

तार कुंपणाची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली घ्या, १६ गेजची, म्हणजे जाडी साधारण १.६ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, दुकानात इथंच गल्लत होते. बांधकामावर सळाखी बांधतात ती काळी तार घेऊ नका. ती भाजून मऊ केलेली असते. कडी हातानंच उघडते आणि पहिल्या पावसात तांबेरते. कडीचं आतलं माप तारेच्या जाडीच्या पाचपट धरा, म्हणजे ८ मिलिमीटर. चारपटीखाली गेलात तर विणताना बोटं रडतात, सहापटीवर गेलात तर चिलखत मासे धरायच्या जाळ्यासारखं दिसतं.

तार गुंडाळायला ८ मिलिमीटरचा गज लागतो. घरी स्लॅबच्या कामातून उरलेली सळाख होती, बरोबर ८ ची. मी खुशीत तिच्यावर दोन हात लांब वेटोळं गुंडाळलं. घट्ट, एकाला एक लागून, बघत राहावं असं. आणि ते निघेना. सळाखीवर सिमेंट धरायला आडव्या नक्षा असतात, प्रत्येक वेढा त्या खाचेत जाऊन बसलेला. ओढलं, तेल सोडलं, उलटं फिरवलं. शेवटी सळाख खांद्यावर टाकून खातीकाकांकडे. त्यांनी नखानं खाच दाखवली. "साधा गज घ्याले पाह्यजे होता ना बे." अख्खं वेटोळं छन्नीनं तोडून काढलं. तर गज गुळगुळीत घ्या. एक टोक वाकवून हँडल करा, दोन लाकडी खुंटांना भोकं पाडून त्यात बसवा आणि रहाटासारखा फिरवा. तार संपताना टोक चाबकासारखं उलटतं. चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नका, चष्मा म्हणजे वेल्डिंगवाले लावतात तो पांढऱ्या काचेचा.

वेटोळं कापायला पक्कड चालते, पण कापलेली टोकं चिमटल्यासारखी होतात आणि कडी बंद केली की तिथं खाच राहते. हॅकसॉ ब्लेडनं टोकं सपाट येतात, वेळ मात्र दुप्पट लागतो. मी अंगाला लागणाऱ्या भागासाठी ब्लेडच्या कड्या वापरतो, कारण पकडीच्या कड्या बनियन फाडतात. दोन बनियन गेल्यावर हे शहाणपण आलं.

आता कडी बंद करणं. हेच खरं शिकायचं आहे, बाकी सगळी हमाली. दोन पकडी घ्या, कडीची फट वरच्या बाजूला ठेवा. टोकं बाजूला फाकवायची नाहीत, एक पुढे एक मागे सरकवायची. बंद करताना टोक जागेपेक्षा थोडं पुढं न्यायचं, आत थोडं दाबायचं, मग परत आणायचं. तार स्वतःहून मागं येते, म्हणून तिला आधीच जास्त न्यायचं. टोकं एकमेकांवर घासून 'टिक्' असा बारीक आवाज येतो. तो आला की कडी बसली. मी रात्री ओसरीवर बसून बंद करायचो आणि आजी आतून म्हणायची, "घड्याळ कोनाचं वाजून रायलं?"

वीण सोपी आहे, एकात चार. चार बंद कड्या एका उघड्या कडीत ओवायच्या आणि ती बंद करायची. असे पुष्कळ पुंजके करून ठेवायचे, मग पुंजक्याला पुंजका जोडत पट्टी, पट्टीला पट्टी जोडत कापड. प्रत्येक आतल्या कडीतून चार कड्या गेल्या पाहिजेत. तीन दिसल्या तर मागं जा, कारण ती चूक पुढच्या दहा ओळींत पसरते.

आणि दिशा. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून जरा सविस्तर. विणीत एका ओळीतल्या कड्या एकीकडे कललेल्या दिसतात, पुढच्या ओळीतल्या उलटीकडे. या ओळी अंगाभोवती आडव्या फिरल्या पाहिजेत. तशा असल्या की विणकाम आडवं ताणलं जातं, श्वास घेता येतो, आणि आपल्याच वजनानं आकसून अंगाला बसतं. मी पाठ बरोबर केली आणि छाती उभी जोडली. घालून बघितलं तर पुढून ते पोत्यासारखं लोंबत होतं आणि हात वर केले की छातीवर अडत होतं. पूर्ण पुढचा भाग उसवला. उसवणं म्हणजे प्रत्येक कडी पुन्हा उघडणं, आणि दोनदा वाकलेली तार तिसऱ्यांदा तुटते.

हिशेब सांगतो. या मापाची एक कडी अर्ध्या ग्रॅमच्या आत भरते, म्हणजे एका किलोत दोन हजारांवर कड्या. माझ्या बिनबाह्यांच्या अंगरख्याला सतरा हजारांच्या आसपास लागल्या. कापूस मोजायच्या काट्यावर टाकलं तर सव्वाआठ किलो. दोन उन्हाळे गेले. हे ऐकून घाबरायचं असेल तर आधी मनगटाचा पट्टा किंवा टोपामागची मानेवरची झालर करा, आठ दिवसांत होते.

जुन्या कारागिरांचं काम बघायचं असेल तर नागपूरचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ चं आहे. २०२५ मध्ये लंडनहून आलेली वाघनखं तिथं ठेवली होती तेव्हा मीही रांगेत होतो. पण नवख्यानं जुन्या चिलखतासमोर थांबावं, ते कुठंही बघायला मिळो. जुन्या चांगल्या चिलखतात कडीची टोकं चपटी करून, भोक पाडून, त्यात इवलासा रिबिट ठोकलेला असतो. आपली कडी नुसती टोकाला टोक लावलेली, भाला घुसला तर उघडणारच. आपण मिरवणुकीसाठी करतो हे लक्षात असू द्या, कोणाला "मार मला" म्हणू नका. तसंही कड्या वार कापू देत नाहीत पण दणका आत जातोच, म्हणून खाली जाड अंगरखा हवा. तो प्रश्न आपल्याकडे सुटलेलाच आहे. घरची रुई, जुनं लुगडं आणि आईची गोधडीची टाचण. वैशाखात मात्र हे सगळं घालून उन्हात उभं राहू नका. तापलेल्या कडीचे गोल ठसे माझ्या दंडावर आठवडाभर होते.

पत्र्याच्या कामाकडे मी घाईनं गेलो. विदर्भात प्रत्येक घरामागं एक मेलेला कूलर असतो, त्याचा पत्रा फुकट. चारआईना करायला घेतला, म्हणजे छाती, पाठ आणि दोन कुशी यांना चार सपाट फळ्या. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून अंगाला लावून बघा, हे सगळेच सांगतात आणि कोणीच करत नाही. कूलरचा पत्रा फार पातळ निघाला, हातोडीच्या प्रत्येक घावाला सुरकुती. मग वर्ध्याहून १८ गेजचा सीआर, म्हणजे मुलामा नसलेला थंड लाटलेला पत्रा आणला. तो भट्टीत न घालताही आकार घेतो. बाभळीच्या ओंडक्यात बशीएवढा खळगा कोरा, पत्रा त्यावर धरा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेपासून मध्याकडे हलके घाव घालत फिरवत राहा. कानसेनं कडा मारा, नाहीतर पहिलं रक्त तुमचंच.

कूलरचा उरलेला पत्रा मी एकदा भट्टीत टाकला, तापवून वाकवावा म्हणून. काका बाहेर गेले होते. पांढरा धूर निघाला, नाकात गोडसर चव आली. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप. सगळ्यांना वाटलं मलेरिया. दुसऱ्या दिवशी आपोआप उतरला. कूलरच्या पत्र्यावर आणि जीआय तारेवर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्ताच्या धुराचा हा ताप लोहारकामात जुनाच आहे. काका परत आल्यावर भात्याची दांडी माझ्या हातातून काढून घेतली. "जस्त जाळू नोको. माह्या भट्टीत तं बिलकुल नोको." जीआय कधीच तापवू नका, बास.

म्यानाचं काम मला सगळ्यांत आवडतं. आरागिरणीवरून सागाच्या दोन पातळ पट्ट्या आणा, आतून पात्याच्या आकाराच्या कोरा आणि चिकटवा. पातं लाकडाला घासता कामा नये, तोंडाशी फक्त घट्ट बसावं. वरून मखमल किंवा चामडं. चामडं ओलं करून ताणलं की वाळताना आवळून बसतं. शिवण मागच्या बाजूला, मेण लावलेल्या दोऱ्याची. आरी आणि रापी धरायला मला तालुक्याच्या चौकात चपला शिवणाऱ्या एका दादांनी शिकवलं, बदल्यात मी त्यांचे ऑनलाइन अर्ज भरतो. तोंडाला मोहनाळ आणि टोकाला तहनाळ, दोन्ही पितळी पत्र्याची. जुन्या समईचा तुटका भाग मिळाला तर सोनं. आजोबांची जुनी कट्यार वगैरे घरात असेल तर ती चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत खातं.

गंजासाठी महागडे फवारे आणू नका. आपल्याकडचं जवसाचं तेल बेस्ट. सीआर पत्र्यावर अगदी पातळ पुसून चुलीच्या धगीवर धरलं की काळसर कातडी धरते आणि ती चिकट राहत नाही. जाड लावलं तर मात्र महिनाभर माश्या चिकटतील. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, जवसाच्या चिंध्या आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.

पैशाचं विचाराल तर शाळांची स्नेहसंमेलनं आणि मिरवणुकीची मंडळं भाड्यानं नेतात, तारेचा खर्च निघतो. गडचिरोलीतल्या वडशाकडे झाडीपट्टीच्या नाटकांना दिवाळीपासून हंगाम असतो, तिथून एकदा चार ढाली मागितल्या होत्या. शेती विकून करायचा धंदा नाही हा.

"हे आपल्याकडचं काम नाही" असं कोणी म्हटलं की मी नायकुंडचं नाव घेतो. नागपूर जिल्ह्यातल्या या गावी उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. माहुरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंडी कट्यारी निघाल्या आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे पत्रे. खातीकाकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त "भाता कोणता होता मंग?" असं विचारलं.

परवा त्यांनी चिलखत घालून बघितलं. खांदे हलवले, हात पुढं केला, मग वर. काखेत आवळतं म्हणाले. बरोबर होतं, तिथं ओळींची दिशा बदलते आणि मध्ये तिरका चौकोन बसवावा लागतो. उजवीकडचा मी काढून पुन्हा बसवला. डावीकडच्याला अजून दीडेकशे कड्या लागतील, तार संपली आहे आणि तूर सोंगायला आली आहे.