मोफत आयकर मदत करताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबाग भागात आम्ही काही जण जुलैतल्या रविवारी गरजू लोकांची आयकर विवरणपत्रे मोफत भरून देतो. पोळ्यांची कामे करणाऱ्या काकू, तुटपुंज्या पेन्शनवर राहणारे आजोबा, शोरूममध्ये उभ्याने नोकरी करणारी मुले अशी माणसे येतात. बहुतेकांना कर लागतच नाही, त्यांना कापला गेलेला टीडीएस (पैसे हाती येण्याआधीच कापलेला कर) परत हवा असतो, आणि आमच्या हलगर्जीपणामुळे तो अडकला तर त्यांच्या घरचा महिन्याचा किराणा अडकतो.

सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण नावाची आहे. महाराष्ट्रीय रीतीप्रमाणे आपण मध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहितो, तर मध्य प्रदेशात नाव आणि आडनाव एवढेच लिहिण्याची पद्धत आहे. गेल्या वर्षी एका काकूंनी कापडी पिशवीतून तीन कागद काढून टेबलावर ठेवले: आधारवर नुसते नाव-आडनाव, पॅनवर माहेरचे नाव, पासबुकावर पतीच्या नावासह पूर्ण नाव. अशा वेळी विवरणपत्र भरायला घेऊ नये, कारण नाव जुळत नसेल तर पॅन आधारशी जोडले जात नाही, बँक खात्याचे प्रमाणीकरण अडते, आणि आधारशी न जोडल्याने निष्क्रिय झालेल्या पॅनवर परतावा दिला जात नाही. आधी विवाहाच्या दाखल्याच्या आधारे आधार दुरुस्त करावे, मग पॅन, शेवटी बँकेचे केवायसी (ओळखीच्या कागदांची नोंद). हा क्रम उलटा केला की तेच हेलपाटे पुन्हा घालावे लागतात. जोडणीची मुदत 30 जून 2023 रोजी संपली असल्याने 1000 रुपये शुल्क लागू शकते, हेही आधीच सांगावे.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. घाईत आयकराच्या संकेतस्थळावर एका आजींच्या नोंदणीत मी माझाच मोबाइल क्रमांक घातला. पुढे त्यांच्या विवरणपत्रात त्रुटी असल्याची सूचना माझ्या फोनवर आली आणि उत्तरासाठी मिळणाऱ्या 15 दिवसांपैकी 9 दिवस ती माझ्या नजरेस पडली नाही. तेव्हापासून क्रमांक त्यांचाच किंवा घरातल्या माणसाचा घेतो, आणि पासवर्ड त्यांच्याच वहीत त्यांच्याच हाताने लिहायला लावतो.

पडताळणी राहून जाणे ही तितकीच घातक चूक आहे. विवरणपत्र सादर केल्यावर 30 दिवसांत ते पडताळावे लागते, नाहीतर परताव्याचे काम पुढे सरकत नाही. आधारशी जोडलेला मोबाइल पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाकडे असेल, तर त्याला आधीच फोन करून ठेवावा आणि ओटीपी तिथल्या तिथे मागून घ्यावा. तेही शक्य नसेल तर सही केलेली पोचपावती आयकर विभागाच्या बेंगळुरूच्या केंद्राकडे स्पीड पोस्टाने पाठवता येते.

आकडे भरण्यापूर्वी फॉर्म 26एएस (पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद) आणि वार्षिक माहिती विवरण (वर्षभरातल्या व्याज वगैरे व्यवहारांची नोंद) उघडून पाहावे. मुदत ठेव ठेवताना बँकेला पॅन दिलेले नसेल तर व्याजावर 10 ऐवजी 20 टक्के कपात होते आणि ती त्या व्यक्तीच्या या नोंदींत दिसत नाही. विवरणपत्रात मनाने रक्कम घालून ती मिळत नाही, बँकेला पॅन देऊन टीडीएसचे विवरण सुधारून घ्यावे लागते. घरून डबे विकणाऱ्या बाईंचे उत्पन्न हा व्यवसाय आहे, म्हणून ‘सहज’ (आयटीआर-1) नव्हे, ‘सुगम’ (आयटीआर-4) हा अर्ज लागतो. आणि कर शून्य येतो म्हणून विवरणपत्र नको, हे गृहीत धरू नये: 2025-26 या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत सवलत असली तरी एकूण उत्पन्न 4 लाखांवर गेले की विवरणपत्र भरावेच लागते.

दयेपोटी खोटी वजावट मात्र कधीही दाखवू नये. टक्केवारीवर काम करणारे काही जण न दिलेल्या देणग्या दाखवून मोठा परतावा मिळवून देतात. अशा खोट्या दाव्यांसाठी 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागाने देशभरात 150 ठिकाणी तपासणी केली. चुकीच्या माहितीवरचा दंड कराच्या 200 टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो ज्याच्या नावाने विवरणपत्र गेले त्यालाच भरावा लागतो.

परतावा मंजूर होऊनही जमा झाला नाही, तर बँकेच्या विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी (बँक शाखेचा संकेतांक) तपासून पुन्हा परताव्याची विनंती टाकावी. मागील वर्षांची मुदत हुकली असेल तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो. तो संबंधित कर निर्धारण वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो, म्हणून जुनी पासबुके रद्दीत घालू नका असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.