लोखंडाचा आवाज बंद करू नका

माठ विकत घेताना आई तो उचलून बोटाच्या पेराने वाजवून बघायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. इंग्लंडमध्ये सफोकच्या शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरायला लागलो तेव्हा पहिले चार महिने मला हे आठवलंच नाही. सगळी भिस्त यंत्राच्या पडद्यावर धातूचा अंदाज देणाऱ्या आकड्यावर होती. आकडा मोठा दिसला की खणायचं, आणि खड्ड्यातून निघायचे गंजके खिळे, नांगराचे तुकडे, कधी घोड्याची नाल. आता नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एकच गोष्ट आधी सांगतो: लोखंडाचा आवाज बंद करून फिरू नका.

माझ्याकडे मायनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स नावाचं डिटेक्टर यंत्र आहे. त्याचे आकडे उणे 9 पासून 40 पर्यंत जातात. शून्य आणि त्याखाली लोखंड, मधल्या पट्ट्यात अ‍ॅल्युमिनियमची पन्नी, शिसं आणि सोनं, वरच्या टोकाला तांबं आणि जाड चांदी. कॉइलमधून, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून, निघालेलं चुंबकीय क्षेत्र धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युत प्रवाह निर्माण करतं आणि त्यांचं उत्तर थोडं मागाहून परत येतं. चांदीचं उत्तर जास्त रेंगाळतं, पातळ पन्नीचं कमी. लोखंड मात्र स्वतःच चुंबकासारखं वागतं, म्हणून त्याचं उत्तर वेगळ्याच बाजूला पडतं. यंत्र या फरकाचा सूर करून आपल्या कानात सोडतं. लोखंडाचा सूर खर्जातला, घोगरा. चांदीचा तार सप्तकातला.

पण लोखंडाचा मोठा किंवा सपाट तुकडा, कडीसारखा गोल वॉशर, वाकलेला खिळा हे सगळे वरचा सूर काढू शकतात. खिळ्याच्या टोकावरून कॉइल गेली की एक छोटीशी चिवचिव ऐकू येते. कारखान्यातून येताना यंत्रात लोखंड गप्प केलेलं असतं, त्यामुळे नवख्याला फक्त ती चिवचिवच कानावर पडते आणि तो फावडं चालवतो. नालेचं चित्र असलेलं बटण दाबलं की लोखंडही बोलू लागतं. मग त्याच चिवचिवीच्या आगेमागे घोगरा सूर लागलेला कळतो. पहिले काही दिवस हेडफोनमध्ये नुसता गोंगाट वाटेल. सोसा. सुरुवातीला पाच सुरांचं सेटिंग ठेवा, पन्नास सुरांनी कान गोंधळतात.

शंका आली की मी कॉइल संथ ठेवून त्या जागेभोवती काटकोनात फिरतो. नाणं गोल असतं, ते चारही बाजूंनी सारखं बोलतं. खिळा एका बाजूने गोड बोलतो आणि दुसऱ्या बाजूने फाटतो. मग कॉइल हळूहळू मागे ओढतो. खरा सूर बारीक होत होत विरतो, लोखंडाचा बहुधा जाता जाता खर्जात कोसळतो. शेवटी नेमकी जागा शोधतो. गोड सूर एकीकडे आणि वस्तूची नेमकी जागा वीतभर दुसरीकडे निघाली, तर ते लोखंड असण्याचीच शक्यता जास्त. यातून नाल आणि वॉशर तरीही निसटतात, ते खणावेच लागतात.

खिळे जिथे दाट, तिथून लोक कंटाळून निघून जातात. मला ती जागा सगळ्यात प्रिय आहे, कारण खिळे म्हणजे कधीकाळी तिथे घर होतं, माणसं होती. अशाच एका बांधाजवळ सहा इंची छोटी कॉइल लावून मी दुपारभर एका खोलीएवढीच जागा विंचरली. घोगऱ्या सुरांच्या गर्दीत एक तोकडा, पातळ सूर आला. आकडा सतरा-अठरा, म्हणजे चांदीचा म्हणावा असा मोठा नव्हे. पण चारही बाजूंनी तो तसाच येत राहिला. निघाली इंग्लंडचा मध्ययुगीन राजा पहिला एडवर्ड याच्या काळातली पेनी, जेमतेम दीड ग्रॅमची चांदी. इतकं पातळ नाणं मोठा आकडा दाखवतच नाही. आकड्यावर विसंबलो असतो, तर ती अजून तिथेच असती.

सोन्याच्या अंगठीबद्दल मात्र खोटी आशा देत नाही. शीतपेयाच्या डब्याची कडी आणि अंगठी एकाच पट्ट्यात, एकाच सुरात बोलतात. अंगठी हवी असेल तर कड्या खणण्याला पर्याय नाही.

घरी सराव करायचा तर 1992 च्या आधीची एक पेनी घ्या आणि नंतरची एक. पहिली कांस्याची, दुसरी तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची. दिसायला जुळ्या बहिणी, कानाला मात्र परक्या. शेजारी खिळा ठेवून दोन्ही पुन्हा ऐका. आणि शेतात प्रत्येक खड्ड्याआधी वहीत अंदाज लिहा, नंतर काय निघालं ते लिहा. माझा कान तयार झाला तो या वहीने.

जमीनमालकाची परवानगी आधी, यंत्र नंतर. संरक्षित स्थळांवर डिटेक्टर चालवायचाच नाही. भारतात सुट्टीवर जाताना यंत्र गडावर न्यायचा मोह टाळा. संरक्षित वास्तूच्या आवारात विनापरवाना खोदणं गुन्हा आहे, आणि जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा 1878 चा कायदा आहे. इंग्लंडमध्ये कायद्याने खजिना ठरणारी वस्तू 14 दिवसांत कळवावी लागते. एकटं नाणं सहसा त्यात बसत नाही, तरी माझी पेनी मी सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवून नोंदवून घेतली.

एकाच जागी चांगला सूर थांबतच नसेल, तर हात आवरा. 1992 मध्ये याच सफोकमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉज एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. जमिनीतून सोन्याचांदीची नाणी निघू लागली, तेव्हा त्यांनी पुढे खणलं नाही, कळवलं. म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो रोमन ठेवा बराचसा जागेवर जसाच्या तसा उकलता आला; सुमारे 15 हजार नाणी होती. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो लोखंडी हातोडाही सापडला आणि म्युझियमने तोही ठेवून घेतला.