मुलाखतीत वैद्यकाची ओढ कशी दिसावी
‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेनंतर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात मुलाखतही होते आणि तिथे ‘मला रुग्णसेवा करायची आहे’ एवढ्याने भागत नाही. सोलापूरच्या विद्यार्थ्याला १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेलेल्या सोलापूरच्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा दाखला सहज सुचतो. तो जरूर द्यावा. पण माझ्या मते स्वतः जवळून पाहिलेली एखादी गोष्ट अधिक मोलाची ठरते. शेजारी विड्या वळणाऱ्या मावशींचा खोकला का हटत नाही, तंबाखूची धूळ श्वासनलिकेत गेल्यावर काय होते, दवाखान्यात जाणे त्या का लांबणीवर टाकतात, हे त्यांच्याशी बोलून आणि पुस्तक उघडून समजून घ्यावे, आणि जे उमगले नाही तेही मुलाखतीत मोकळेपणाने सांगावे. मावशींचे नाव मात्र घेऊ नये.