एमबीए पुण्याला, मुंबईला की इंदूरलाच? शहर ठरवताना या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरात मूल बी.कॉम.च्या किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आलं की जेवताना विषय निघतोच: "एमबीए पुण्यालाच कर, आपली माणसं आहेत तिथं." आत्या कोथरूडला, काका डोंबिवलीला, म्हणजे निम्मा प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटतं. मीही असाच गेलो होतो. आता कॅट या एमबीए प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की ओळखीतली मुलं कॉलेजांची यादी घेऊन माझ्याकडे येतात. त्या याद्यांत दरवर्षी तेच खड्डे दिसतात, म्हणून हे लिहितोय.

"आपण मराठी, म्हणजे महाराष्ट्रातले"

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. घरात चार पिढ्या मराठी, गणपती दहा दिवसांचा, मूळ गाव वाईजवळचं. पण प्रवेशाच्या कागदावर इंदूरचा मुलगा मध्य प्रदेशचाच. महाराष्ट्राची एमबीए सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, त्याला देता येते, मात्र पुढच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत तो राज्याबाहेरचा उमेदवार ठरतो. त्याची स्पर्धा असते ती साधारण १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी. मध्य प्रदेशातला ओबीसीचा दाखला महाराष्ट्राच्या राज्य आरक्षणात चालत नाही.

त्या नियमांत मातृभाषा मराठी असण्याला एका ठिकाणी किंमत आहे, पण ती महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त भागातल्या मुलांसाठी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मराठी मुलांसाठी तशी सोय नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पण फॉर्म भरताना वाईट वाटून उपयोग नसतो, तो नीट भरावा लागतो.

मग करायचं काय? आई-वडिलांपैकी कुणाकडे महाराष्ट्राचं डोमिसाइल सर्टिफिकेट (अधिवासाचा दाखला) आहे का, हे आधी विचारा. असेल तर पात्रतेचा प्रकार बदलून महाराष्ट्राच्या उमेदवारांत गणना होऊ शकते. नुसता मूळ गावाचा पत्ता किंवा काकांचं रेशन कार्ड चालत नाही. दुसरं, पुण्यातला मावसभाऊ "अमुक पर्सेंटाइलला माझ्या मित्राला मिळालं" म्हणतो तेव्हा तो महाराष्ट्राच्या कोट्यातला कटऑफ सांगत असतो. तुम्ही मागच्या वर्षीच्या यादीतला अखिल भारतीय जागांचा आकडा बघा. मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेसाठी किंवा पुणे विद्यापीठाच्या पुम्बा या व्यवस्थापन विभागासाठी इंदूरहून तयारी करणाऱ्याने हे काम अभ्यासाच्या आधी उरकावं. कॅट, झॅट, एनमॅट या परीक्षांच्या गुणांवर प्रवेश देणाऱ्या खासगी आणि अभिमत संस्थांत हा अडसर बहुधा येत नाही.

शहराचं नाव वाचलं, नकाशा पाहिला नाही

ही चूक माझी स्वतःची. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत पुणं होतं. सामान घेऊन पोचलो तेव्हा कॉलेज हायवेच्या कडेला, तिन्ही बाजूंनी शेतं, आणि शहराकडे जाणारी शेवटची बस संध्याकाळी लवकरच सुटायची. ज्या कंपन्यांसाठी पुण्याला गेलो होतो, तिथं प्रोजेक्टच्या कामाला जायचं म्हणजे दोन बस बदलून अर्धा दिवस. सहाध्यायी चांगले होते, एक-दोन शिक्षक तर फारच चांगले. पण मला हवं होतं ते पुणं मी फक्त रविवारी पाहिलं.

शहराबाहेर कॅम्पस असणं वाईट नसतं. १९९६ साली सुरू झालेलं आपलं आयआयएम इंदूरही राऊच्या टेकडीवर आहे, राजवाड्याच्या गर्दीपासून लांब. सिम्बायोसिसचं पुण्यातलं एसआयबीएम लवळेच्या डोंगरावर. याउलट जमनालाल बजाज चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. तुम्हाला यातलं काय मिळणार आहे हे आधी कळलं पाहिजे. नकाशा उघडून कॉलेजचं फाटक ते तुमच्या क्षेत्रातल्या कंपन्या हे अंतर कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मोजा. शेवटची बस किती वाजता आणि होस्टेल दोन्ही वर्षं मिळतं का, हे तिथल्या विद्यार्थ्यालाच विचारा, ऑफिसला नको.

एकाच नावाच्या संस्था अनेक शहरांत असतात, तेही तपासा. एसआयबीएम पुण्यात आहे तशी बंगळुरू, हैदराबाद आणि नागपुरातही आहे. एनएमआयएमएस विलेपार्ल्यात आहे आणि इंदूरलाही. जाहिरातीतला पॅकेजचा आकडा कुठल्या कॅम्पसचा, हे लेखी विचारा.

नातेवाइकांच्या घरावर गणित मांडणं

डोंबिवलीला काकांकडे राहून चर्चगेटला कॉलेज म्हणजे मध्य रेल्वेने दादर, तिथं पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, आणि घरापासून वर्गापर्यंत दीड तास सहज. एमबीएचं पहिलं वर्ष रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या ग्रुपच्या कामाचं असतं. काकू कितीही मायेची असली तरी दोन खोल्यांच्या घरात रोज रात्री दिवा चालू ठेवणं तिलाही जड जातं आणि आपल्यालाही. पहिला महिना राहा, सणाला जा, आजारी पडलात तर हक्काने जा. दोन वर्षांचा हिशेब मात्र होस्टेल किंवा भाड्याच्या खोलीवरच करा, त्यात डिपॉझिट, दलाली आणि मेसही धरा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. घरमालक नको म्हणाला तरी आग्रह धरा.

आधी शहर की आधी संस्था?

माझ्या मते खरा प्रश्न हा आहे, आणि सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. संस्था पहिल्या फळीतली असेल तर शहर गौण. एक्सएलआरआय जमशेदपुरात आहे, इर्मा बडोद्याजवळ आणंदला. देशभरातल्या कंपन्या तिथं स्वतः चालत येतात. अशा ठिकाणी जागा मिळत असेल तर "तिथं आपलं कुणी नाही" म्हणून नाकारू नका.

मधल्या फळीत हे उलटं होतं. तिथं कंपन्या दुरून येत नाहीत, आसपासच्याच येतात. लाइव्ह प्रोजेक्ट, पाहुणे व्याख्याते, पहिली नोकरी हे सगळं त्या शहराच्या धंद्यातून येतं. फायनान्स करायचं तर मुंबईला तोड नाही: रिझर्व्ह बँक, सेबी, दोन्ही शेअर बाजार तिथं. कारखान्यातलं ऑपरेशन्स करायचं तर चाकण आणि पिंपरी-चिंचवडमुळे पुणं.

आणि इथंच इंदूरला आपण फार लवकर बाजूला सारतो. पिथमपूरला वाहन आणि औषधांचे कारखाने, माळव्यातला सोयाबीनचा व्यापार, सियागंजचं ठोक मार्केट, सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस. सप्लाय चेन, ग्रामीण विक्री किंवा शेतमालाचा धंदा शिकायचा असेल तर हे शहर उत्तम शाळा आहे. देवी अहिल्या विद्यापीठाचे व्यवस्थापन विभाग घरापासून सिटी बसच्या अंतरावर आहेत. खरगोन-खंडव्याची मुलं भंवरकुआंला खोली घेऊन राहतात ती याच शहरासाठी. फक्त एक लक्षात असू द्या: आयआयएम इंदूर गावात असलं तरी इंदूरकरांसाठी तिथं वेगळा कोटा नाही.

घरचं जेवण सुटू नये एवढ्याच कारणाने इंदूर धरणंही तितकंच चूक. पोह्यांसाठी दोन वर्षं ठरवू नयेत.

सरासरी पॅकेजला भुलणं

दोघांना परदेशी पगार मिळाला की सरासरी फुगते. मध्यक बघा, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीच्या संकेतस्थळावर संस्थेच्या नावापुढे तिने दिलेली माहिती असते: किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्यक पगार किती. त्यातून शहरातला खर्च वजा करूनच तुलना करा.

फी भरून बसलात, आणि आता शहर चुकलंय असं वाटतंय?

खासगी संस्था उन्हाळ्यातच पैसे भरायला लावतात, सीईटीच्या फेऱ्या पावसाळ्यात येतात. त्यामुळे ही वेळ अनेकांवर येते. विद्यापीठं आणि त्यांच्या कॉलेजांना यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ ची अधिसूचना लागू आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर फी पूर्ण परत, त्यातून फार तर ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतात. त्यानंतर तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, पुढे काही नाही. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. त्या वर्षासाठी वेगळी सूचना निघाली आहे का तेही बघा. विद्यापीठाशी न जोडलेल्या, पदवीऐवजी पीजीडीएम हा डिप्लोमा देणाऱ्या स्वतंत्र संस्थांसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेचे नियम पाहावे लागतात. अर्ज ईमेलने करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

तारीख उलटून गेली असेल तर कॉलेज सोडू नका, समर इंटर्नशिपचा उपयोग करून घ्या. पहिल्या वर्षानंतरचे ते आठ-दहा आठवडे तुम्हाला हव्या असलेल्या शहरात काढा, कॉलेजने दिलेली जागा दुसरीकडे असली तरी. मी ते मुंबईत काढले होते. पहिली नोकरी तिथूनच मिळाली, आणि तेव्हा मात्र काकांची डोंबिवली खरोखर उपयोगी पडली.