लेकरांना घेऊन मोकळ्या कुत्र्यांमध्ये जायचंय? आधी अंगणात एवढं करून घ्या

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण, इथे डॉग पार्क, म्हणजे कुत्री मोकळी सोडायची जागा, वगैरे काही नाही. हैदराबादला कोंडापूरमध्ये २०१८ साली झाला, अमेरिकेत बर्कलीला तर १९७९ पासून आहे. असल्या ठिकाणी चारी बाजूंनी कुंपण असतं, एकामागे एक दोन गेटं असतात म्हणजे एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, छोट्या कुत्र्यांना वेगळा भाग असतो आणि पुष्कळ ठिकाणी अगदी लहान मुलांना आत घेतच नाहीत. आमच्याकडे आहे ते पाझर तलावाखालचं पडीक रान, पांदण रस्त्याने दीडेक किलोमीटर. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच घरं तिथे कुत्री नेतो आणि पट्टे सोडतो. आमचा भुऱ्या गावरान, शेजारच्या सरांचा लॅब म्हणजे लॅब्रॅडॉर, कृषी केंद्रवाल्या भाऊंचा जर्मन शेफर्ड, आणि बकऱ्यावाल्याची दोन कुत्री न बोलावता येतात. सोबत आमची सगळी पोट्टी. मला तीन-चार जणींनी विचारलं की लेकरांना कसं काय नेतेस, भीती नाही वाटत का, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

आपण कुत्र्याला तयार करतो, बस म्हटलं की बस, ये म्हटलं की ये, आणि लेकराला मात्र तसंच उचलून घेऊन जातो. खरं तर जास्त शिकवायला लागतं लेकराला. कुत्रं धावत आलं की लेकरू काय करते? ओरडते, हात वर करते आणि पळते. कुत्र्याला वाटते खेळ सुरू झाला, ते मागे लागते, आणि नेमकं त्याचं तोंड लेकराच्या तोंडाच्या उंचीला येते. मोठ्या माणसाला पोटरीला चावेल तेच कुत्रं लहानग्याच्या गालाला, मानेला चावू शकते. रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्या लोकांमध्ये जवळपास ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे ही गोष्ट मी हलक्यात घेत नाही.

शिकवायला आम्ही स्टॅच्यूचा खेळ घेतला. पोरं तो खेळतातच, कोणी स्टॅच्यू म्हटलं की आहे तसं थांबायचं आणि ओव्हर म्हणेपर्यंत हलायचं नाही. मी त्यात एवढंच वाढवलं की हात खाली मांडीला चिकटवायचे, नजर आपल्या चपलांकडे, तोंड बंद. आधी चार दिवस कुत्र्याशिवाय, नुसतं अंगणात, मी मधेच भाजी निवडता निवडता ओरडायची स्टॅच्यू. मग भुऱ्याला सोडून. भुऱ्या येते, हुंगते, हलत नाही ओरडत नाही म्हटल्यावर त्याला काही मजा वाटत नाही, जाते निघून. हे लेकराने स्वतः पाहिलं ना की त्याला पटते, आपण शंभरदा सांगून पटत नाही. आणि धक्का लागून खाली पडलं तर काय, तर पावसाळ्यात तो लाल पैसा किडा निघतो, काडी लावली की गोल होते, तसं व्हायचं. गुडघे पोटाशी, दोन्ही मुठी मानेमागे, कोपरांनी कान-गाल झाकायचे. हे आमच्या धाकट्याला इतकं आवडलं की तो जेवायला बोलावलं तरी पैसा किडा होऊन पडून राहते. चार वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर हे त्याच्याकडून होणार नाही, त्याला कडेवरच ठेवा किंवा बंडीवर, कट्ट्यावर बसवून तुम्ही शेजारी उभं राहा, पट्टे सुटायच्या आधीपासून. कुत्रं अंगावर येताना खाडकन वर उचललं की ते लोंबकळणाऱ्या पायांवर उडी मारते, त्यापेक्षा आपण मधे उभं राहायचं, लेकरू आपल्या मागे.

दुसरी शिकवण म्हणजे हात लावायचा कसा. आधी मालकाला विचारायचं, "काका, हात लावू का जी?" हो म्हटलं तरी आपण कुत्र्याकडे जायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. मूठ खाली धरायची, तो हुंगतो, मग हनुवटीखाली किंवा खांद्याला जरासं खाजवायचं आणि तीन आकडे मोजून हात काढायचा. त्याला हवं असेल तर तो परत अंगाला घासेल, नसेल तर जाईल, बस. वरून डोक्यावर हात न्यायचा नाही, मिठी तर बिलकुल नाही, घरच्या कुत्र्यालाही नाही. मला माहीत आहे फोटो छान येतो, पण त्या फोटोत कुत्र्याचं तोंड नीट बघा, कान मागे, जीभ नाकावर फिरवत असते, डोळ्यांतलं पांढरं दिसते. ते सांगत असते की मला सोडा. शेपूट हलली म्हणजे कुत्रं खुश, हे पण खरं नाही. सैल कमरेसकट हलणारी शेपूट वेगळी आणि वर ताठ उभी, नुसतं टोक थरथरणारी वेगळी. पुढचे पाय खाली टाकून ढुंगण वर केलं की खेळायला बोलावते आहे. आणि खेळता खेळता एकदम गोठल्यासारखं उभं राहिलं की लेकराला लगेच, पण न ओरडता, बाजूला घ्या.

खायचं काही मैदानात न्यायचं नाही. हे मी नियम म्हणून सांगत नाही, आमच्यावर बेतलेलं सांगते. मागच्या हिवाळ्यात माझ्या सहा वर्षांच्या पोरीने फ्रॉकच्या खिशात बिस्किटाचा पुडा ठेवला होता, मला माहीत नव्हतं. लॅब आला, नाक थेट खिशात. ती दचकली, स्टॅच्यू तेव्हा शिकवलेलं नव्हतं, ती पळाली, लॅब मागे, त्याच्या मागे शेफर्ड, आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अडखळून पडली. उठवून बघितलं तर पोटरीवर दोन रेघा, आधी पांढऱ्या, मग हळूहळू लाल झाल्या. रक्त नाही. दात की नख की काटी, कोणालाच सांगता येईना. बाजूच्या शेतात मोटर सुरू होती, तिथे पाइपखाली पाय धरला. पंधरा मिनिटं साबणाने धुवायचं असते, आणि पंधरा मिनिटं किती मोठी असतात ते तेव्हा कळलं हो. पोरगी थंडीने आणि रडून रडून थरथरत होती, साबण आणायला सरांचा पोरगा गाडीवर गावात गेला, तोवर नुसतं पाणी. एक म्हातारी आजी आली, "तिखट भर माय, जहर जळते." मी हात जोडले तिला. तिखट, हळद, चुना, कॉफी काही भरायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. वाहतं पाणी आणि साबण, तेवढ्यानेच जखमेतले विषाणू खूप कमी होतात. त्या दिवसापासून पिशवीत अंगाच्या साबणाची वडी आणि दोन लिटरच्या चार बाटल्या असतातच.

मग पहिल्या ठिकाणी दाखवलं तिथे सांगितलं, खरचटलंय नुसतं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि जा. मी जाणारच होते. आमच्या ह्यांनी ऐकलं नाही आणि सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी लॅबचं लसीचं कार्ड बघितलं तरी पोरीला रेबीजच्या लसीची सुई सुरू केली. हे नीट समजून घ्या. धडधाकट कातडीवर नुसतं चाटलं तर धुतलं की झालं. रक्त न येता ओरखडा असेल तरी लस लागते. रक्त आलं, दात रुतला, किंवा आधीच्या जखमेवर किंवा डोळ्या-तोंडात लाळ गेली तर लस अधिक इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. लस दंडात कातडीत दिली तर चार खेपा, ० (पहिल्या सुईचा दिवस), ३, ७ आणि २८ वा दिवस. स्नायूत दिली तर पाच, त्यात १४ वा दिवस वाढतो. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला स्नायूतली लस मांडीत देतात, कुल्ल्यावर नाही. शेवटची सुई लोक हमखास चुकवतात कारण तोवर खपली पण गेलेली असते, मी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केला होता. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात ते खरं, पण दहा दिवस बघू आणि मग सुई घेऊ असं चालत नाही, सुई पहिल्याच दिवशी सुरू करायची. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून लस शिल्लक आहे का विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात नसली तर ग्रामीण रुग्णालय गाठा.

आणि हो, पोरं मार खायच्या भीतीने ओरखडा लपवतात. आमच्याकडे ठरलेलं आहे, कुत्र्याचं काहीही झालं आणि सांगितलं तर रागावणं नाही, चूक कोणाचीही असो.

तुमचं स्वतःचं कुत्रं नेत असाल तर रेबीजची लस तीन महिन्यांचं असताना, मग दरवर्षी, आणि जंताचं औषध पण. ज्याची झाली नसेल त्याला आम्ही पट्टा सोडू देत नाही, भाऊबंदकी असली तरी. बोलावल्यावर येत नाही त्या कुत्र्यालाही लांब दोरीवरच ठेवा. बकऱ्यांचा कळप दिसला की सगळ्यांनी आधी आपापलं कुत्रं धरायचं, मग बोलायचं. कळपामागे कुत्रं लागून एखादी गाभण बकरी पडली तर त्या माणसाचं वर्षाचं नुकसान होते.

जागा आधी एकटं जाऊन पायी फिरून बघा. आजकाल डुकरं-रोह्यांना (नीलगायींना) अडवायला धुऱ्यावर झटका मशीनची तार असते, गवतात दिसत नाही, शेतकऱ्याला विचारून घ्या कुठून कुठवर आहे. फुटक्या बाटल्या, उघडी विहीर, तलावाच्या गाळाची बाजू बघा. कपाशीवर फवारणी सुरू असते तेव्हा, ऑगस्ट ते ऑक्टोबर, आम्ही शेताला लागून असलेल्या बाजूला जातच नाही. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळमध्ये फवारणीने माणसं गेली आहेत, लेकरू आणि कुत्रं तर जमिनीच्या जास्त जवळ. तसंही पावसाळ्यात गवत कमरेएवढं असते आणि त्यात घोणस असते.

आमचं कॅलेंडर असं आहे. पोळा झाला की भाद्रपद लागते, कुत्र्यांचा मोसम, गावची कुत्री एकमेकांवर तुटून पडतात, तो महिना मैदान बंद. साधारण दोन महिन्यांनी, दिवाळीच्या आसपास, पिल्लं होतात. तेव्हा तुराट्यांच्या ढिगाखाली, पुलाच्या नळ्यात कुठेही कुत्री व्यायलेली असते आणि लेकरांना पिल्लू दिसलं की राहवत नाही. "पिल्लू दिसलं की मागे फिर आणि मले सांग," एवढंच पाठ करून घ्या. पिल्लाच्या ओरखड्यालाही तेच नियम, लहान आहे म्हणून सोडायचं नाही. मग डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले दिवस. मार्चपासून सात वाजता परत, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीला जाऊच नका, हाताची मागची बाजू पाच सेकंद जमिनीवर टेकवत नसेल तर कुत्र्याचे पाय पण भाजतात. कुत्र्याच्या पाण्याला घरचा जुना गंज (पातेलं) वेगळा, लेकरांची बाटली वेगळी.

एका मोठ्या माणसामागे दोन लेकरं, जास्त नाही, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको. दोन कुत्री भिडली तर कोणीही मधे हात घालायचा नाही. लेकरांनी स्टॅच्यू, मालकांनी लांबून पाणी फेकायचं, बादलीचा आवाज करायचा. अर्धा-पाऊण तास पुरे. भांडणं, ओरखडे बहुतेक शेवटच्या दहा मिनिटांत होतात, जेव्हा पोरं पण चिडलेली असतात आणि कुत्री पण धापा टाकत असतात. म्हणून मी मजा येत असतानाच उठवते, पोरं कुरकुरतात, चालते.

परवाच्या रविवारी तोच लॅब सुसाट आला. पोरीने हात मांडीला चिकटवले, चपलांकडे बघत उभी. लॅबने दोन्ही खिसे हुंगले, चपला हुंगल्या, गेला. मी लांबून बघत होते, ओव्हर म्हणायचं विसरलेच, ती तशीच उभी, मग हळूच म्हणते, "आई, म्हण ना आता."

घरी आल्यावर डबा उघडायच्या आधी हात साबणाने, नखांसकट. कुत्र्याच्या विष्ठेतून जंताची अंडी मातीत जातात आणि काही जंत अनवाणी पायातून पण शिरतात, म्हणून मैदानात चपला-बूट काढायचे नाहीत. मग लेकरांच्या कानामागे, काखेत, केसांत, कमरेच्या इलास्टिकखाली गोचीड बघायची आणि तसंच भुऱ्याच्या कानात आणि बोटांच्या मधे. सापडली तर चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढायची, रॉकेल टाकायचं नाही, बोटांनी चिरडायची नाही, आणि काढली की परत एकदा हात धुवायचे.