हरिकेन येतंय: घर सोडायचं की थांबायचं? या चुका टाळा

२५ ऑगस्ट २०१७ला गणेश चतुर्थी होती. त्याच रात्री हार्वे हे वादळ टेक्ससमध्ये रॉकपोर्टजवळ चौथ्या श्रेणीचं हरिकेन, म्हणजे अटलांटिकचं चक्रीवादळ, म्हणून किनाऱ्याला लागलं. ह्यूस्टनच्या परिसरात आलं तोवर त्याच्या वाऱ्याचा जोर उतरला होता आणि बातम्यांत त्याला साधं उष्णकटिबंधीय वादळ म्हणू लागले होते. शहर बुडालं ते त्यानंतर. टेक्ससमधल्याच नेडरलँड गावी चार-पाच दिवसांत ६०.५८ इंच, म्हणजे सुमारे १,५३९ मिलिमीटर पाऊस झाला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, हे आठवलं की मुंबईकराला या आकड्याचं वजन कळेल.

अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि १० सप्टेंबरच्या आसपास सर्वांत तापलेला असतो. म्हणजे टेक्सस, लुइझियाना, फ्लोरिडातल्या मराठी घरांसाठी तो नेमका गणपतीचा काळ: पाहुणे आलेले, फ्रीजर भरलेला, आई-बाबा भारतातून मुक्कामाला. घाईत घेतलेले चुकीचे निर्णय याच दिवसांत होतात.

श्रेणी पाहून ठरवणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. सॅफिर-सिम्पसन मापनातली १ ते ५ ही श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग सांगते: ताशी ७४ मैलांना पहिली, १११ला तिसरी, १५७ला पाचवी. समुद्र किती चढेल, पाऊस किती पडेल, वीज किती दिवस जाईल, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. २००८चं आइक वादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर गॅल्व्हस्टनला आलं तेव्हा दुसऱ्या श्रेणीचं होतं. बोलिव्हर द्वीपकल्पावर त्याने १५ ते २० फूट पाणी चढवलं. कॅटरिना किनाऱ्याला लागताना तिसऱ्या श्रेणीचं होतं आणि मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी २८ फुटांच्या घरात गेलं. समुद्रावर असताना पाचव्या श्रेणीच्या वाऱ्याने ढकललेलं पाणी वारा उतरला म्हणून लगेच उतरत नाही. उलट जुलै २०२४चं बेरिल जेमतेम पहिल्या श्रेणीचं होतं, तरी ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून अधिक जोडण्यांची वीज गेली आणि भर उन्हाळ्यात कित्येक घरं आठवडाभर अंधारात राहिली.

कोकणात निसर्ग वादळ काढलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. भारतीय हवामान खातं ३ मिनिटांच्या सरासरीचा वारा सांगतं, अमेरिकेत तो १ मिनिटाच्या सरासरीचा असतो. आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. आणि चिऱ्याच्या भिंतीचा किंवा आरसीसी इमारतीचा भरवसा इथल्या लाकडी सांगाड्याच्या घरावर टाकू नये.

फ्लोरिडात म्हणतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. निर्णयाचं सूत्र एवढंच: समुद्राचं पाणी तुमच्या दारापर्यंत येऊ शकत असेल, तर निघायचं. येऊ शकत नसेल आणि घर पक्कं असेल, तर बहुतेकदा थांबायचं. मोबाइल होममध्ये, म्हणजे तयार आणून ठेवलेल्या हलक्या घरात राहणाऱ्यांनी मात्र पाणी असो-नसो, निघायचंच.

पुराचा नकाशा आणि इव्हॅक्युएशन झोन यांत गल्लत

घर घेताना बँकेने दाखवलेला ‘फ्लड झोन’ विम्यासाठी असतो. घर सोडण्याचा आदेश निघतो तो वेगळ्या नकाशावरून, आणि तो समुद्राच्या चढणाऱ्या पाण्याचा असतो. फ्लोरिडात त्याला ए, बी, सी अशी अक्षरं आहेत. ह्यूस्टनच्या बाजूला झिप कोडनुसार झोन ठरतात. ‘आम्ही फ्लड झोनमध्ये नाही’ असं म्हणणारं घर झोन ए किंवा बीमध्ये असू शकतं. आपल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) आपत्कालीन विभागाच्या साइटवर पत्ता टाकून झोन आजच पाहा आणि फ्रीजच्या दारावर लिहून ठेवा. वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरल्यावर ती साइट उघडायला वेळ घेते.

विम्याचंही इथेच उरकून घेऊ. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. सरकारी पूरविमा घेतला तरी तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाचं नाव ऐकल्यावर घेऊन उपयोग नाही. भाड्याच्या घरातल्या सामानासाठीही तो मिळतो. वाऱ्याच्या नुकसानीत ‘हरिकेन डिडक्टिबल’ टक्क्यांत असतं: ४ लाख डॉलरच्या घराला २ टक्के म्हणजे पहिले ८,००० डॉलर तुमच्या खिशातून. हार्वेत ह्यूस्टनजवळच्या बार्कर धरणाच्या मागे, केटीच्या बाजूला पाण्यात गेलेल्या अनेक घरांना पूरविमा सक्तीचा नव्हता.

शंकूच्या मधल्या रेघेकडे पाहत बसणं

नॅशनल हरिकेन सेंटरच्या नकाशावरचा पांढरा शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. वादळाचं केंद्र साधारण दोन-तृतीयांश वेळा त्या शंकूच्या आत राहतं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे तीनांतून एकदा ते बाहेर जातं; आणि केंद्र आत राहिलं तरी पाणी, पाऊस आणि वारा शंकूच्या बाहेर कितीतरी मैल पोहोचतात.

सप्टेंबर २०२२मध्ये इयान वादळ येताना सगळ्यांचे डोळे फ्लोरिडातल्या टॅम्पाकडे होते. २८ तारखेला ते त्याच्या दक्षिणेला कायो कोस्टाला लागलं. फोर्ट मायर्स बीचवर १० ते १५ फूट पाणी चढलं, आणि टॅम्पाच्या उपसागरातलं पाणी तर चक्क आटून तळ दिसला. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. त्यामुळे त्याच्या वाटचालीच्या उजव्या बाजूचा वारा समुद्र जमिनीवर ढकलतो आणि डाव्या बाजूचा तो मागे ओढतो. केंद्र थोडं सरकलं की तुमची बाजू बदलते. पाणी मागे हटलेलं दिसलं तर समुद्रतळावर फोटो काढायला जाऊ नये, ते परत येतं.

शंकूपेक्षा दोन नकाशे कामाचे. पहिला, समुद्राचं पाणी जमिनीपासून किती फूट चढू शकेल याचा. दुसरा, ताशी ३९ मैलांचा वारा लवकरात लवकर कधी पोहोचू शकेल याचा. घर सोडायचं गणित या दुसऱ्यावर बसतं.

आदेशाची वाट पाहणं, आणि आदेश नसताना पळणं

हरिकेन वॉच (सावध राहण्याची सूचना) ताशी ३९ मैलांच्या वाऱ्याच्या सुमारे ४८ तास आधी निघतो, वॉर्निंग (पक्का इशारा) ३६ तास आधी. पण वॉर्निंगपासून तयारी सुरू करणाऱ्याला आवरणं आणि प्रवास दोन्ही या ३६ तासांतच बसवावं लागतं. वारा ३९ मैलांवर गेला की बाहेरची कामं थांबतात, आणि थोड्याच वेळात उंच पूल बंद होऊ लागतात.

गणित उलटं मांडा. समजा, त्या नकाशावर तुमच्या गावी वारा गुरुवारी सकाळी ८ला येऊ शकतो. ज्या गावी जायचं ते एरवी ४ तासांवर. गर्दीत तिप्पट धरा, १२ तास. म्हणजे बुधवारी रात्री ८. घर बंद करायला ६ तास. याचा अर्थ बुधवारी दुपारी २ला आवरायला लागायचं आणि रात्री ८ला गाडी सुटायला हवी. घरात लहान मूल किंवा वृद्ध असेल तर उजेडातला प्रवास बरा, म्हणून अर्धा दिवस अजून अलीकडे या. ‘उद्याचा अंदाज पाहून ठरवू’ हे वाक्य या गणितात बसत नाही.

दुसऱ्या टोकाची चूक २००५मध्ये रिटा वादळाच्या वेळी झाली. कॅटरिना होऊन महिनाही झाला नव्हता, सगळे धास्तावलेले. ज्यांना सांगितलंच नव्हतं असे लाखो लोकही ह्यूस्टनमधून निघाले. डॅलसचा चार तासांचा रस्ता वीस-वीस तासांचा झाला, गाड्यांचं पेट्रोल संपलं, इंधन वाचवायला लोकांनी उन्हात एसी बंद केले. या पळापळीतच शंभरहून अधिक माणसं दगावली. त्यांतले २३ जण एका वृद्धाश्रमाच्या रहिवाशांना नेणाऱ्या बसला लागलेल्या आगीत गेले. वादळ शेवटी पूर्वेला, लुइझियानाच्या हद्दीजवळ गेलं.

म्हणून शेकडो मैल जायची गरज बहुतेकदा नसते. पाण्याच्या झोनमधून निघून दहावीस मैल आत, उंचावरच्या ओळखीच्या घरी गेलात तरी मुख्य धोका टळतो. असं एक घर जूनमध्येच बोलून ठेवा. ‘या केव्हाही’ म्हणणाऱ्या मित्राला किती माणसं, किती दिवस आणि कुत्रं आहे का, हे स्पष्ट सांगावं. सार्वजनिक निवारा हा शेवटचा पर्याय; तिथे छप्पर मिळतं, गादीची खात्री नसते.

वादळ आखातात आलं की गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. विजेची गाडी असेल तर निघण्याच्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा. ती मागे ठेवणार असाल तर उंच जागी, घरापासून दूर लावा; खाऱ्या पाण्यात बुडालेल्या बॅटऱ्या नंतर पेट घेतात, इयाननंतर फ्लोरिडात हे घडलं आहे.

आणि गणपती बसलेला असेल तर उत्तरपूजा करून बादलीत विसर्जन उरकावं. दीड दिवसाची सोय आपल्या परंपरेत आहेच.

आई-बाबांच्या औषधांकडे दुर्लक्ष

भारतातून आणलेल्या गोळ्या इथल्या फार्मसीत नुसतं पाकीट दाखवून मिळत नाहीत. इथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि भारतीय ब्रँडचं नाव काउंटरवर कोणाला कळत नाही. मूळ औषधाचं नाव आणि मात्रा इंग्रजीत लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. किमान दोन आठवड्यांचा साठा वेगळ्या पिशवीत भरा. इन्सुलिनसाठी थंड पिशवी घ्या, पण कुपी बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद), आय-७९७ (इमिग्रेशन खात्याची सूचना), ओसीआय कार्ड, प्रवासी विम्याचा कागद हे सगळं झिपच्या प्लास्टिक पिशवीत हवं, आणि फोटो फोनबरोबर भारतातल्या भावंडाकडेही. लहान नोटांत रोकड ठेवा, वीज गेली की कार्डयंत्र चालत नाही.

थांबणाऱ्यांच्या चुका

काचांवर फुलीच्या चिकटपट्ट्या लावून काहीही होत नाही; काच फुटते तेव्हा उलट मोठे, धारदार तुकडे उडतात. शटर नसतील तर ५/८ इंची प्लायवूड, आधीच मापाने कापून, कुठल्या खिडकीचं ते लिहून ठेवलेलं. ‘दाब सारखा राहावा’ म्हणून खिडकी किलकिली ठेवणं ही जुनी चुकीची समजूत आहे. आत शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो. म्हणूनच सगळ्यांत कमकुवत जागा गॅरेजचं दार. ते गेलं की छप्पर धोक्यात. त्याला आतून आडव्या पट्ट्यांचं बळ हंगामाआधी द्यावं.

वादळात खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत बसा. मध्येच सगळं शांत झालं तर तो वादळाचा डोळा असू शकतो. काही मिनिटांत वारा उलट दिशेने परत येतो. घरात पाणी चढू लागलं तर बाहेर पडायची वाट नसलेल्या माळ्यावर चढू नका. कॅटरिनात लोक तिथेच अडकून गेले.

माणशी दिवसाला १ गॅलन पाणी. चौघांना ७ दिवसांचं २८ गॅलन, म्हणजे अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्यांचे ९ खोके. बाथटब भरून ठेवा, पण ते पाणी फ्लशला. विजेची शेगडी आणि इन्स्टंट पॉट बंद पडणार हे गृहीत धरून जेवण ठरवा: दडपे पोहे, दही मिळेल तोवर दही-पोहे, मेतकूट, दशम्या, लाडू. नुसत्या फरसाणावर राहिलात तर मिठामुळे पाणी जास्त लागतं. समई-निरांजनाऐवजी बॅटरीचे दिवे वापरा. वादळात अग्निशमन दल येऊ शकत नाही.

जनरेटर

२०२०च्या लॉरा वादळात लुइझियानात जनरेटरच्या धुराने गेलेले जीव समुद्राच्या पाण्याने गेलेल्यांपेक्षा जास्त होते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅरेजचं दार उघडं ठेवूनही जनरेटर आत चालवायचा नाही. घरापासून किमान २० फूट, धुराची नळी दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला, आणि झोपायच्या खोलीजवळ बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म. भिंतीतल्या प्लगमध्ये उलटी वायर घालून घर चालवणं हा तर दुसऱ्याच्या जिवाशी खेळ: ती वीज तारांत जाते आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसाला लागते. ट्रान्सफर स्विच (घराला बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरवर घेणारा) बसवा, नाहीतर थेट एक्स्टेंशन वायरवर फ्रीज चालवा.

५,००० वॉटचा जनरेटर अर्ध्या भारावर तासाला साधारण अर्धा गॅलन पेट्रोल पितो. ५ गॅलनचा डबा दहा तासांत संपतो. दिवसभर चालवायची गरज नाही. फ्रीज थोडा-थोडा वेळ चालवला तरी पुरतो, फक्त मधला खंड ४ तासांपेक्षा जास्त नको. पेट्रोल भरताना यंत्र थंड होऊ द्या.

परतताना

काउंटीने परवानगी दिल्याशिवाय निघू नका. वाहत्या पाण्यात १२ इंच लहान गाडी वाहून न्यायला पुरतात, २ फूट बहुतेक गाड्यांना. लोंबकळणारी प्रत्येक तार जिवंत समजा. ओल्या भिंतींना एक-दोन दिवसांत बुरशी धरते, पण काही फेकण्याआधी पाण्याच्या रेषेसकट फोटो काढा.

फ्रीज बंद ठेवला तर ४ तास टिकतो, भरलेला फ्रीजर ४८, अर्धा भरलेला २४. निघताना फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी गोठवून वर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं बर्फावरच दिसलं तर उकडीचे मोदक चालतील. वाटीच्या तळाशी गेलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. सगळं काळ्या पिशवीत.